धाकूच्या लेकीचा दोर

आमच्या दत्ताच्या देवळासमोर जो जुना पर्जन्यवृक्ष आहे, त्याच्याखाली बसून ज्याने एकदा कीर्तन ऐकलं, त्याला हॉलमधलं कीर्तन गोड लागत नाही. एका वर्षी देवळाच्या रंगकामामुळे सप्ताह सोसायटीच्या हॉलमध्ये घ्यावा लागला होता. बुवांचा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा आणि पुढच्या ओळीवर मागची ओळ येऊन बसायची. मी पेटीवर होते. कुठल्या आवाजाला सूर द्यायचा तेच कळेना, म्हणून शेवटी दत्ताचं नाव घेऊन मधलाच कुठला तरी दिला.

यंदा चैत्रात नेमकी त्या झाडाची एक मोठी फांदी वाळली. बुवा जिथे उभे राहतात त्या जागेवर ती आडवी आलेली. वारं सुटलं की वरून करकर आवाज यायचा आणि श्रोते देवाकडे बघायचं सोडून वर बघायचे. महापालिकेचा माणूस येऊन पाहून गेला, फांदी उतरवायची परवानगीही हातात पडली.

"फांदी खाली आल्याशिवाय मी इथे एकही खुर्ची मांडू देणार नाही," आमच्या चिटणीस सोनलताईंनी सांगून टाकलं. "नाहीतर हॉल आहेच."

हॉल म्हटल्यावर मला भिंतीवर आपटून येणारा तो आवाज पुन्हा ऐकू आला.

काम धाकू मढवींना दिलेलं. धाकूदादा कळव्याचे. घरची मिठागरं गेली, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, पण हा माणूस झाडं धरून राहिला. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत कुणाच्या अंगणातले नारळ काढायचे असोत की आंबा छाटायचा असो, धाकूदादांना बोलवायचं. आणि आमच्या सलिलबुवांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायचं, हे त्यांचं दुसरं काम. त्यांना विचाराल तर पहिलं. ध्रुपद धरावं ते त्यांनीच. बुवा ताना घेत कुठे कुठे हिंडून येतात, कधी कधी बुवांनाच परतीची वाट सापडत नाही, पण धाकूदादा आपले जागच्या जागी ध्रुपद धरून उभे. बुवा येऊन त्यांना लागतात.

मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याने संप केला. तेव्हापासून चढणं बंद. यंदा वर जाणार होती त्यांची एकुलती एक लेक, रुचिता. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकली, मग पुण्याकडे जाऊन दोरावरून झाडावर चढायचं रीतसर शिक्षण घेऊन आली. कार्डावर तिने 'आर्बोरिस्ट' असं छापून घेतलं होतं. धाकूदादांनी ते कार्ड लांब धरून, जवळ धरून वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे झाडावर चढनारीच ना? मंग तसा लिव की."

शिकताना ती बरीच झाडं चढली होती, पण सोबत शिकवणारे असायचे. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलं काम. ती आमच्या देवळात आली तेव्हा आधी दत्ताला नमस्कार केला, मग झाडाला केला, आणि मग पिशवीतून दोर काढला.

दोर नारिंगी रंगाचा, त्यात हिरवे ठिपके, आणि जेमतेम करंगळीएवढा जाड.

धाकूदादांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "बाकीचा कुठं हाय?"

"कसला बाकीचा?"

"दोर."

"हाच रोप आहे, आबा. अकरा मिलिमीटरचा."

"यो? यो नाडी हाय, पोरी. दोर कुठं हाय?"

रुचिता हसली. तिला वाटलं थट्टा चाललीय. "आबा, हा तुटायला दोन टनाच्या वर वजन लागतं."

"म्हंजे तुटतो."

"दोन टनाला रे. मी काय दोन टन आहे?"

"पन तुटतो. तूच बोललीस."

ते टेम्पोकडे गेले आणि स्वतःचा दोर खांद्यावर टाकून घेऊन आले. काथ्याचा, मनगटाएवढा जाड. घामातेलाने काळा पडलेला. त्यांनी तो पारावर टाकला तेव्हा पार हलल्यासारखा वाटला. "याच्यावर चढ. मी उभा हाय."

"याच्यावर माझं एक पण साधन चालत नाही, आबा. गाठ बसत नाही, पुली बसत नाही. तू हात-पाय आवळून चढायचास. मी रोपवर बसून काम करते."

"तसल्या नाडीवर बसनार असशील तर मी खाली उभा रानार नाय. मना या डोल्यांनी बगायचा नाय."

रुचिताचं हसू गेलं. झाडावर जाणाऱ्या माणसाचा दोर खाली कोणीतरी सांभाळायचा असतो. तो गुंतू द्यायचा नाही, त्याच्यावर करवत-फांदी येऊ द्यायची नाही, वरच्याची हाक आली की ओ द्यायची. तिने ते काम दुसऱ्या कुणाला दिलंच नसतं.

"मग मी चढत नाही," ती म्हणाली. "खाली तू नसशील तर मी वर जाणार नाही."

आणि बापलेक देवळाच्या पायरीच्या दोन टोकांना जाऊन बसले. मधून लोक घंटा वाजवून ये-जा करत होते.

सोनलताई फोन घेऊन आल्या. "ठाण्याचा एक क्रेनवाला आहे. उद्या येतो म्हणतोय. सांगू का त्याला?"

रुचिताने मान वर केली नाही. हातातला दोर उगाच उलगडला, पुन्हा गुंडाळला. पहिलंच काम, आणि तेही आपल्या माणसांच्या देवळातलं, क्रेनवाला घेऊन जाणार होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सोनलताई, जरा थांबा. बुवा येताहेत, त्यांना विचारू."

बुवांना विचारायची आम्हाला सवयच आहे. मुलाचं नाव काय ठेवायचं, फ्रिज कुठला घ्यायचा, सगळं बुवांना. सलिलबुवा मुळात बँकेत होते. आवाज असा की मागच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही पूर्वरंग कळतो, आणि देह त्या आवाजाला साजेसा. मंचाच्या फळ्या त्यांना ओळखतात. ते आले, दोन्हीकडचं नीट ऐकून घेतलं, दोर हातात घेऊन चोळून पाहिला आणि म्हणाले, "बारीक वाटतो खरा. पण हिने शिक्षण घेतलंय. प्रचीती घ्यावी. काहीतरी जड टांगून बघा."

सोनलताईंनी बुवांकडे पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

"मी? अहो, मी कीर्तनकार आहे."

"गोणी टांगली तर धाकूदादा म्हणतील, गोणीच ती," सोनलताई म्हणाल्या. "माणूस टांगला पाहिजे. आणि मंडळात तुमच्याहून भरलेलं कोणी आहे का, तुम्हीच सांगा."

बुवांनी मंडळावर नजर फिरवली. बाकीचे सगळे एकादशा मनापासून करणारे निघाले. मग त्यांनी दत्ताकडे पाहिलं. "हॉल नको," ते पुटपुटले आणि उपरणं काढून माझ्याकडे दिलं.

रुचिताने बारीक सुतळीला बांधलेली वजनाची पिशवी भिरकावली. ती एका हिरव्या, धडधाकट फांदीवरून पलीकडे उतरली, आणि सुतळीमागून तिने दोर ओढून घेतला. बुवांना कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा चढवला. धोतराच्या निऱ्या त्यात आवळल्या गेल्या आणि बुवा कीर्तनकार कमी, आखाड्यात उतरलेले पैलवान जास्त दिसू लागले. दुसऱ्या टोकाला मंडळातले पुरुष लागले. "देवा," बुवा म्हणाले, आणि जमिनीपासून हातभर वर गेले.

दोर ताणला. फांदी जराशी वाकली. काही तुटलं नाही. पण आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं ते झालं: टांगलेला माणूस हळूहळू फिरायला लागतो.

आता आमच्याकडे कीर्तनकार देवाकडे तोंड करून उभा राहतो, श्रोते दोन्ही बाजूंना बसतात. सलिलबुवांनी दत्ताकडे पाठ केलेली मी जन्मात पाहिली नव्हती. देवळातून निघतानासुद्धा ते उलट्या पावलांनी निघतात, मग मागे चपलांच्या ढिगात पाय अडकला तरी चालेल. आणि आता ते हवेत अधांतरी, सावकाश, रस्त्याकडे वळत होते.

"अहो, पाठ होतेय," बुवा म्हणाले. "देवाकडे पाठ होतेय. धरा कुणीतरी."

कुणीतरी पाय धरून उलटं फिरवलं. जोर जास्त झाला. बुवा देवावरून पुढे गेले, रिक्षा स्टँडवरून गेले, पुन्हा देवावर आले. देव समोर आला की हात जोडायचे आणि वळायला लागले की "क्षमा असावी, महाराज" म्हणायचं, असं त्यांनी सुरू केलं. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना वाटलं ती क्षमा त्यांच्याकडे मागितली जातेय. त्यातला एकजण "असू दे बुवा, असू दे" म्हणाला.

मग बुवांमधला कीर्तनकार जागा झाला. जिथे उभं राहायचं तिथे गावं, आता उभं नाही तर लोंबकळत. त्यांनी "दिगंबरा दिगंबरा" असा गजर उचलला. तो कानावर पडल्याबरोबर पायरीवर बसलेले धाकूदादा सवयीने उठले आणि मागे ध्रुपद धरलं. दोर ओढणारे पुरुष गाऊ लागले. बुवा वर गोल फिरताहेत, आवाज चारी दिशांना आळीपाळीने जातोय, अंगणभर गजर चाललाय. मी डोळे पुसले. हसून पुसले की भरून आले म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

बुवांना खाली उतरवलं. मांड्या चोळत ते म्हणाले, "काय धाकूदादा, झाली खात्री?"

धाकूदादांनी आधी त्यांच्या पाया पडून घेतलं. मग म्हणाले, "बुवा, तुमचा वेगला हाय. तुमाला देव धरतो."

"अहो, दोराने धरलं मला."

"तुमीच बोललेलात, गेल्या सप्ताहात. भक्ताचा भार देव उचलतो. मी मागंच उभा होतू."

बुवा अडचणीत आले. नाही म्हणावं तर स्वतःचं निरूपण खोटं पडतं. "देव सगळ्यांनाच धरतो हो. रुचितालाही धरेल."

"मंग दोर कनाला?"

बुवांनी माझ्याकडून उपरणं मागून घेतलं. रुचिताने कपाळावर हात मारला.

शेवटी धाकूदादांनीच दोर उचलला. "यो मना दे. गावदेवीला दाखवून आनतू. उद्या सकाली बगू."

रुचिताचा चेहरा उजळला. कळव्याच्या घरात नवं हत्यार, नवी करवत, नवा टेम्पो, काहीही आलं की गावदेवीला दाखवल्याशिवाय वापरत नाहीत. आबा दोर देवीकडे नेताहेत म्हणजे त्यांनी तो दोर म्हणून मान्य केला, असा तिचा समज झाला. आमचाही झाला. सोनलताईंनी क्रेनवाल्याला "नंतर कळवते" म्हणून सांगितलं.

पुढचं मला धाकूदादांच्या बायकोकडून, सगुणावहिनींकडून कळलं. धाकूदादा देवीकडे खरंच गेले, नारळही फोडला. तिथे बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं की देव धरील तेव्हा धरील, आपणही आपलं काम केलं पाहिजे. घरी येऊन त्यांनी कोयता घेतला, रुचिताच्या नव्याकोऱ्या दोराचे तीन तुकडे केले, मेणबत्तीवर त्यांची टोकं जाळून घेतली, आणि भर दुपारी ओटीवर बसून त्यांची वेणी घातली.

"पोरीच्या शालेच्या वेन्या तेच घालायचे," सगुणावहिनी म्हणाल्या. "मी पहाटेची बाजाराला जायची ना भाजी घेऊन. अशा घट्ट घालायचे, पोरीचे डोले तानायचे. बाईनी एकदा विचारला, हिला झोप नाय का होत म्हनून. तसाच बसलेले काल, जीभ बाहेर काढून. मना वाटला, सायबाला नवीन काम लागला."

सकाळी धाकूदादांनी ती वेणी पिशवीतून काढली तेव्हा त्यांच्या तोंडावर प्रसाद वाटणाऱ्याचा आनंद होता. नारिंगी, हिरव्या ठिपक्यांची, मूठभर जाड वेणी. वर हळदकुंकू.

रुचिता बघत राहिली. "आबा, कापलास?"

"मंग तीन पदर कसं व्हायचं?"

"आबा, ही वेणी आहे."

"तीनपदरी. तुझाच दोर हाय, तुझ्या पसंतीचा. जार पन झाला, बारीक पन ऱ्हायला. दोगांचा पन जमला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वेणी घेतली आणि झाडाच्या खालच्या फांदीवरून टाकली. टोक तिच्या डोक्याच्याही वरच राहिलं. तिने उडी मारून ते धरलं, सोडलं. मग खिशातून एक छोटी दोरी काढून वेणीभोवती वेटोळी गाठ मारून दाखवली.

"बघ. ही गाठ मला धरते. वर सरकवली की सरकली पाहिजे, भार दिला की आवळली पाहिजे. सरळ रोपवर दोन्ही करते. तुझ्या वेणीवर बघ." तिने भार दिला. गाठ एका उंचवट्यात रुतून बसली. मग काही केल्या सुटेना. दाताने सोडवावी लागली. "हे मी वर लटकून करायचं का?"

धाकूदादांनी वेणी हातात घेतली. अंगठ्याने तिचे चढउतार चाचपले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, संध्याकाळी ओटीवरचं ऊन उतरतं तसा.

"जोडून देतू," ते म्हणाले.

"कापलेला रोप जोडून त्याच्यावर माणूस नाही चढत, आबा."

सोनलताईंचा हात फोनकडे गेला. बुवा रोज सकाळी दर्शनाला येतात, ते नेमके तिथेच होते, जरा पाय फाकवून उभे. "सोनलताई, एक दिवस द्या," ते म्हणाले. "मी टांगून घेतलं ते फुकट जायला नको."

"उद्या संध्याकाळी सप्ताह सुरू होतोय बुवा."

"म्हणजे उद्या सकाळपर्यंत वेळ आहे."

रुचिता वेणी गुंडाळत होती. मान खाली घालून म्हणाली, "आबा, ठाण्याला चल. नवा रोप घेऊ. तू निवड."

"मी?"

"तूच. माझं म्हणणं तुला पटत नाही, दोन टन पटत नाहीत, बुवा पटत नाहीत. तू निवड. पण निवडलास तर खाली उभं राहायचं. आणि तुला कुठलाच नाही पटला, तर मी आपणहून क्रेनवाल्याला फोन करते. मग या लायनीत मी नाही. कॉलेजात लॅबची नोकरी आहे, ती घेते."

धाकूदादा टेम्पोत जाऊन बसले आणि चावी फिरवली.

मला पेटीचा भाता ठाण्यात दाखवायचाच होता, म्हणून मीही पेटी मांडीवर घेऊन मागे बसले. वाटेत खड्डा आला की पेटीच तेवढा एखादा सूर काढायची.

दुकान कोपरीला. उंच इमारतींच्या काचा पुसणारे, अग्निशमनवाले, डोंगर चढणारे, सगळे तिथून सामान नेतात. मालक प्रफुल्लशेठ. भिंतीला सळयांवर दोरांची रिळं, लाल, निळी, पिवळी. साडीच्या दुकानात आल्यासारखं वाटत होतं, आणि धाकूदादा तसेच शिरले, सरळ सगळ्यात जाड रिळाकडे.

"यो."

"काका, हा सोळाचा," प्रफुल्लशेठ म्हणाले. "याने फांद्या उतरवतात. माणसाला नाही हा."

"वा रे वा. लाकडाला जार आनि माज्या पोरीला बारीक? ह्यो कुठला न्याय?"

"फांदी तोडली की पडते काका. झटका मारते. तुमची पोरगी पडणार नाहीये, ती बसून राहणार आहे. तिला झटका द्यायचाच नाही, हे तर सगळं शास्त्र आहे."

हे धाकूदादांना कुठेतरी लागलं. त्यांनी मान डोलावली नाही, पण हुंकार दिला. मग त्यांनी सोळाची अख्खी गुंडाळी उचलून रुचिताच्या खांद्यावर टाकला. ती एका बाजूला कलली.

"जड हाय?"

"तूच उचललास ना."

धाकूदादांनी गुंडाळी काढून घेतली. "वर जाईपर्यंत दोरच तुला खाली वढील." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. मग बोटांनी एक एक रीळ चाचपत खाली आले आणि तिच्या जुन्या दोरासारख्या अकराच्या दोरापाशी थांबले. दुकानाच्या छताला एक लोखंडी कडी होती, दोर तपासायला. "याला टांग. हातांनी धर. लोंबकल."

रुचिताने अकराचा दोर कडीतून टाकून धरला आणि पाय उचलले.

"बोल," धाकूदादा म्हणाले.

"काय बोलू?"

"कायतरी. कालपास्नं मनात धरून बसलीस, ते बोल."

"मला... काय बोलायचं... आहे..." ती बोलू लागली, पण शब्दाशब्दाला श्वास अडत होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"उतर. हात दाव."

तिच्या तळव्यावर लाल रेघ उमटली होती, आणि तिच्या शेजारी एक जुना, कडक झालेला फोड होता. धाकूदादांनी त्यावरून अंगठा फिरवला. "यो काय आजचा नाय."

रुचिताने मूठ मिटली.

"शिकताना पन?"

"शेवटी शेवटी बोटं मिटायचीच नाहीत," ती हळूच म्हणाली. "बारीक रोप हलका असतो म्हणून घेतलेला. सगळे तोच वापरतात, पुरुष सगळे. त्यांचे हात मोठे, मजबूत. मला तो आवळून धरावा लागतो."

"मंग बोललीस नाय?"

"बोलले असते तर तू काथ्याचा आणला असतास."

"आनला असता," धाकूदादांनी कबूल केलं. मग माझ्याकडे वळून, जणू मी साक्षीला आले आहे असं, म्हणाले, "काकू, टालाची दोरी बारीक झाली की बोट कापतो, जार झाली की टाल बोलत नाय. यवडा मना कलतो. मंग मी दोन दिवस कनाला भांडलू?"

"तुमची पोरगी आहे म्हणून," मी म्हटलं.

प्रफुल्लशेठनी न सांगताच बाराचा दोर कडीत टाकला. मग तेराचा. तेराच्या दोराला रुचिता लोंबकळली आणि धाकूदादांनी पुन्हा तेच सांगितलं, "बोल."

"काय सारखं बोल बोल लावलंयस?" ती म्हणाली. तिला स्वतःलाही आवाज मोकळा निघाल्याचं कळलं असावं, कारण ती थांबलीच नाही. "माझा नवीन रोप कोयत्याने कापलास. कोयत्याने, आबा. वर हळदकुंकू लावलंस, मला वाटलं तुला पटलं. बुवांना फिरवलंस वर. शाळेत वेण्या अशा घालायचास की मला 'चायनीज' म्हणायचे, तेव्हा पण मी काही बोलले नाही. कार्ड छापलं तर नाव बदल म्हणालास. पूर्ण लायनीत मुली नाहीत, मी एकटी आहे, आणि माझा बापच पायरीवर बसून राहतो..."

एका गिऱ्हाईकाने हेल्मेट घालून बघता बघता काढलं. प्रफुल्लशेठ हिशोबाचं यंत्र थांबवून उभे राहिले. ती दोराला लटकलेली, पाय दुमडलेले, आणि तोंडाचा पट्टा एकसारखा सुरू. धाकूदादा डोळे मिटून उभे होते, मान बारीक डोलत होती. हे त्यांचं ऐकणं मला ओळखीचं होतं. बुवा रंगात आले की ते असेच ऐकतात, कुठे श्वास घेतला, कुठे सोडला, कुठे दम टिकला.

ती संपेपर्यंत त्यांनी ऐकलं. मग डोळे उघडले.

"यो दोर," ते प्रफुल्लशेठना म्हणाले. "याच्यावर तिचा दम तुटत नाय."

प्रफुल्लशेठनी फांद्या उतरवायला सोळाचा दिला, मग तेराचा मापून दिला आणि गाठीची छोटी दोरी त्याहून बारीक, दहाची, सोबत ठेवली. "मोठ्या रोपला छोटी दोरी आवळते, काका. दोघी सारख्याच जाड असल्या की धरत नाहीत." धाकूदादांनी ती खिशात घातली. परतताना टेम्पोत रुचिता खिडकीबाहेर बघून हसत होती. माझ्या पेटीचा भाता दाखवायचा राहून गेला, हे मला कळवा आल्यावर आठवलं. तिथून परत कोण फिरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण मोकळं केलं. बुवा, सोनलताई, मी, सगळ्यांना रिक्षा स्टँडच्या बाजूला उभं केलं. दोराला गावदेवीचं कुंकू कालच लागलं होतं. रुचिताने पट्टा आवळला, गाठ मारली, भार देऊन पाहिली. "आबा?"

"हाय."

ती चढू लागली. मी वर बघत होते, सगळेच बघत होते. धाकूदादा तेवढे बघत नव्हते. ज्या डोळ्यांनी बघायचं नाही म्हणाले होते, ते त्यांनी जमिनीवर लावले होते, आणि खालचा दोर दोन्ही तळव्यांत सैल धरला होता.

"डावा पाय टाकला," ते म्हणाले.

मी वर पाहिलं. डावा पाय एका खोबणीत गेलेला.

"आता बसली. घाम पुसतंय."

पुसत होती.

"धाकूदादा, तुम्हाला कसं कळतं हो?" बुवांनी विचारलं.

"हातात येतो ना. तिचा सगला हातात येतो." त्यांनी दोर किंचित वर-खाली केला. "काथ्याच्या दोरातून मना कदी काय कलला नाय. माजा बाबा वर असायचा, मी खाली. तो हाय का नाय, ते पन कलायचा नाय. हाक मारीत बसायचा."

करवतीचा आवाज सुरू झाला. सोळाच्या दोराला बांधलेले फांदीचे तुकडे एकेक करून खाली येऊ लागले. मंडळी ते ओढून बाजूला लावत होती. एक तुकडा सुटताना गिरकी घेऊन बुवांच्या जागेवरच येऊन टेकला आणि बुवांनी आपोआप दत्ताकडे बघून हात जोडले. मग वर आभाळच आभाळ उरलं आणि रुचिता सुळकन खाली आली. धापा टाकत, केसांत भुसा. सोनलताईंनी स्वतः तिच्यासाठी चहा आणला, ही आमच्या मंडळाच्या इतिहासातली पहिलीच वेळ असावी.

ती पारावर बसून चहा प्यायला लागली. खुर्च्या आल्या. मंचाच्या फळ्या आल्या. कुणीतरी सतरंज्या झटकल्या. धाकूदादा मात्र होते तिथेच उभे, तळव्यांत दोर धरून. दोराचं दुसरं टोक वरून मोकळं लोंबत होतं.

"धाकूदादा, सोडा आता," बुवा म्हणाले. "खाली आली ती."

"कलला मना."

सोनलताईंनी खुर्च्या मांडायला सांगितल्या. मुलांनी दोर वाचवून, धाकूदादांच्या दोन्ही बाजूंनी रांगा लावल्या. शेवटी रुचिता ग्लास घेऊन त्यांच्याजवळ आली.

"आबा, रोप गुंडाळायचाय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या ग्लासाकडे.

"पी आदी," ते म्हणाले. "चा गार होतंय. मी हाय."